अर्ध्या किलोची ज्योत

आमच्या गच्चीवर पाणी तापवायचं सोलर आहे आणि तिथून खाली न्हाणीघरापर्यंत येणारा नळ तांब्याचा आहे. जुळे सोलापुरात आमच्या ओळीतल्या बाकी सगळ्या घरांना प्लास्टिकचे पाईप. आमचाच तेवढा तांब्याचा, कारण तो माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बसवलाय. फ्रीज आणि एसी दुरुस्त करण्यात ह्यांचा जन्म गेला. तांब्याच्या नळ्यांवर ह्यांचा जीव, आणि प्लास्टिकच्या पाइपाला हे पाईप म्हणायलाच तयार नसत. शेजारच्यांनी नवीन प्लंबिंग केलं तेव्हा हे त्यांच्या दारात उभं राहून म्हणाले होते, "चांगलं हाय की, सरबत प्यायला." ते शेजारी पुढं दिवाळीपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत.

तर गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्या नळाच्या एका कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. नळ जिथं वळतो तिथं एल्बो असतो, त्याचा जोड सुटला होता. प्लंबरला बोलावलं. तो वर जाऊन बघून आला आणि म्हणाला, "काका, हे तांबं काढूनच टाकू की. प्लास्टिक टाकतो, दुपारपर्यंत काम खलास."

आता बिचाऱ्याची खरडपट्टी निघणार म्हणून मी चहा ठेवायला उठले होते ती परत खाली बसले. म्हटलं, ही गंमत चुकवायला नको.

हे म्हणाले, "टाका."

भांडले असते, ओरडले असते, प्लंबरला हाकलून दिलं असतं तर मी सुखानं चहा ठेवला असता.

आदल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना तो सौम्य वाटला असेल. बोलणं लवकर आलं, चालणंही आलं, उजवा हात मात्र अर्धवट आला. कप धरता येतो, पण भरलेला तांब्या उचलला की बोटं मधेच सुटतात. व्यायामाला स्पंजचा चेंडू दिला होता, तो ह्यांनी शेजारच्या मांजराला देऊन टाकला. दुकान बंद केलं आणि हत्यारांची पेटी कॉटखाली सरकवली. मग खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागले. दिवसभर बसायचे. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. गप्प बसलेलं पोर मला नेहमी दंगा करणाऱ्यापेक्षा जास्त काळजीचं वाटायचं, आणि इथं तर घरातलंच माणूस गप्प बसलेलं.

त्यात खंडेनवमी तोंडावर आली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पुजतात. धुवून पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. दुकान होतं तेव्हा ह्यांचा हा सगळ्यात मोठा सण. ह्यांचं म्हणणं मात्र असं की पूजा चालत्या हत्याराची करायची, गंजक्याची नाही. मागल्या वर्षी मी न विचारता पेटी उघडून सगळं मांडलं, तर हे चपला घालून बाहेर निघून गेले आणि नैवेद्य झाल्यावर आले. यंदा आधीच सांगून ठेवलं होतं, "पेटी काढू नको. दसऱ्याला माढ्याचा भाचा येतोय, त्याला देऊन टाकतो."

भाच्याचं माढ्याला मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. हत्यारांचा त्याला खरंच उपयोग होता, त्यामुळं मला भांडायलाही जागा राहिली नाही. पण माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तू वाटून टाकायला लागला की घरातल्या बाईला भीती वाटते. मलाही वाटत होती. ती पेटी एकदा माढ्याला गेली की हे त्या खुर्चीतून कधीच उठणार नाहीत, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

म्हणून मी प्लंबरला म्हटलं, "तुम्ही या आता. आमचं तांबं राहणार आहे."

"मग करणार कोण?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हटलं.

हे खिडकीबाहेर बघत होते ते वळून माझ्याकडं बघायला लागले. मग परत खिडकीकडं वळले.

मी उभ्या जन्मात भाकरीच्या तव्यापलीकडं काही तापवलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं होतं आणि माघार घ्यायचा माझा स्वभाव नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. तांब्याच्या नळाचा जोड तापवायचा, फटीत कथलाची तार वितळवायची आणि जोड बंद करायचा, ह्याला डाख देणं म्हणतात, हा शब्द मला नवऱ्यामुळं माहीत होता. तापवायचं कशानं, हे मात्र माहीत नव्हतं. ज्योत फेकणारे ब्लो टॉर्च इतक्या प्रकारचे असतात आणि त्यांना इतक्या तऱ्हेची इंधनं लागतात, हे बघून मी चक्रावून गेले.

दुकानातले गॅसचे टॉर्च दुकानाबरोबरच गेले होते, पण माळ्यावर ह्यांचा जुना पितळी ब्लो लँप होता. मी तो उतरवून चिंच लावून लखलखीत घासला. दिसायला राजबिंडा, पण त्याला रॉकेल लागतं, आणि रॉकेल आता औषधालासुद्धा मिळत नाही. मिळालं असतं तरी स्टोव्हसारखा पंप मारत बसावं लागतं. तो कुणाच्या हातानं मारायचा? कारण माझ्या मनातला खरा बेत एव्हाना ठरला होता. सुरुवात मी करणार होते, पण टॉर्च घ्यायचा होता तो ह्यांच्या हाताला पेलेल असा. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या किलोपर्यंत वजन उचलायची परवानगी दिली होती. मी अर्ध्या लिटरची बाटली पाण्यानं भरली, पिशवीत टाकली आणि रिक्षा करून गावात हार्डवेअरच्या दुकानात गेले.

दुकानदार अक्कलकोटकडचे. गल्ल्यावर बसून फोनवर कन्नडमधून कुणाला तरी झापत होते. मला बघून एकदम मराठीत आले.

"काय पायजे अक्का?"

"तांब्याच्या नळाला डाख द्यायचाय. टॉर्च दाखवा."

"कारागीर कुटं हाय?"

"मीच."

त्यांनी फोन ठेवून दिला. नोकराला न सांगता स्वतः उठून काढून दाखवायला लागले. पहिल्यांदा सिलिंडरला नळी जोडून वापरायचा टॉर्च निघाला. हातात हलका, पण मागून रबरी नळी ओढत राहते, आणि सिलिंडर गच्चीवर चढवायचा कुणी? शिवाय स्वयंपाकाच्या सिलिंडरला मी कुणाला हात लावू देत नाही, नवऱ्यालाही नाही. दुसरा होता पिवळ्या डब्याचा. "ह्याची आग लई कडक," दुकानदार म्हणाले, "एसीवाले नेत्यात." मी डाव्या हातात तो डबा घेतला, उजव्या हातात माझी बाटली घेतली आणि डोळे मिटून दोन्ही तोलून बघितले. डबा चांगलाच जड निघाला. शिवाय एवढ्या कडक आगीनं साधा डाख जळून जातो, असं व्हिडिओत सांगितलं होतं.

"अक्का, भाजी घ्यायला आलाय का टॉर्च घ्यायला आलाय?"

"वजनावरच घ्यायचाय मला."

"मला वाटलं आगीवर घेत्यात."

शेवटी त्यांनी ब्यूटेन गॅसचा डबा काढला. बारीक उंच डबा, केसांना मारायच्या फवाऱ्यासारखा, आणि त्याच्या डोक्यावर बसवायचा छोटासा टॉर्च. बटण दाबलं की पेटतो, काडी लागत नाही. बाटलीशी तोलला तर बाटलीपेक्षा हलका. मग मी बटण अंगठ्यानं दाबून बघितलं, करंगळीनंही दाबून बघितलं. दुकानदार म्हणाले, "वाऱ्यात दम न्हाय ह्याला, आडोसा करा. आन् डबा उलटा धरू नका, भडका मारतोय." तेवढ्यासाठी मी तो सोडणार नव्हते. आडोसा करायला सोलापुरात पत्र्याची काय कमी. सोबत डाख नीट धरावा म्हणून आधी लावायच्या मलमाची, म्हणजे फ्लक्सची डबी, शिसं नसलेली डाखाची तार, काचपेपर आणि दोन एल्बो घेतले. एक बसवायला आणि एक बिघडवायला.

घरी येऊन मी टॉर्च मुद्दाम खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवला. ह्यांनी बराच वेळ त्याच्याकडं बघितलंच नाही. मग बघितलं.

"उदबत्ती पेटवायला आणलीस का?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कित्येक महिन्यांत ह्यांनी कशाचीही टिंगल केली नव्हती. मी रागावल्याचं सोंग केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत मी गच्चीवर सामान मांडलं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, नळातलं पाणी सोडून दिलं, जुना एल्बो तापवून काढला. तो निघाला तेव्हा मला आपण जग जिंकल्यासारखं वाटलं. हे मागून एकेक पायरी धरत वर आले होते आणि टाकीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. "सहज आलो," म्हणाले. मी नळाची टोकं काचपेपरनं घासली, फ्लक्स लावला, नवा एल्बो बसवला, तेलाच्या डब्याचा पत्रा आडोशाला उभा केला आणि टॉर्च पेटवला.

तापवते आहे, तापवते आहे. तार लावली तर तार वितळेना. जरा वितळली तर तिचे गोळे झाले आणि टपटप खाली पडले. नळातून चुर्र चुर्र आवाज यायला लागला. मी टॉर्च आणखी जवळ नेला, मग दुसऱ्या बाजूनं नेला, मग वरून धरला. एकदा डबा तिरका झाला आणि भक्कन पिवळा भडका उठला. मी किंचाळले.

"पाणी हाय आत," मागून आवाज आला. "पाणी असलं की तांबं तापत न्हाय. कितीबी जाळ घाल."

"सोडलंय मी पाणी."

"टाकीचा व्हॉल्व्ह पाझरतोय. चुर्र ऐकू येत न्हाय का तुला? बंद कर ते. गॅस हाय का पाणी हाय, असा उधळायला?"

मी शिकवताना कधी चिडले नाही अशी माझी शाळेत ख्याती होती. ती किती खोटी आहे हे माझ्या वर्गातल्या मुलांना ठाऊक आहे. ह्यांच्याबाबत कुणी असलं खोटंही बोललेलं नाही. दुकानात कामगारांच्या जोडाला नख लावून बघायचे आणि आवडला नाही तर तोडून परत करायला लावायचे. तोच आवाज होता. मी मुकाट्यानं टॉर्च बंद केला.

"आता ब्रेडचा तुकडा कोंब नळात. पाणी तेवढा वेळ धरून ठेवतो. मागनं विरघळून जातो नळातनं."

ब्रेड कुठला आणायचा? मला नवरात्राचे उपास, आणि हे ब्रेडला आजाऱ्याचं खाणं म्हणतात. घरात होती ती कडक भाकरी, ह्यांच्यासाठी डब्यात भरून ठेवलेली. मी खाली जाऊन तीच घेऊन आले.

"ब्रेड म्हणलो मी."

"ब्रेड चालतो तर भाकरीनं काय घोडं मारलंय? जास्त पाणी पिते ती."

"अगं, ती जाईल का पुढं?"

"कालवणात घातली की मऊ होतेच की."

मी एल्बो परत काढला आणि चुरा करून नळात पेन्सिलीनं ठासून ठासून भरला. सोलापूरच्या भाकरीवर माझा ब्रेडपेक्षा जास्त विश्वास आहे, आणि त्या वेळेपुरता तो खराही ठरला. पाझर थांबला. टाकीचं पाणी त्या चुऱ्यात मुरून गेलं. एल्बो परत बसवून मी टॉर्च उचलला, तर हे खुर्चीतून उठून माझ्या शेजारी उभे होते.

"आण हिकडं."

मी दिला. ह्या क्षणासाठी मी सगळा खटाटोप केला होता आणि आता मला बघवत नव्हतं. बोटं सुटली तर काय? ह्यांनी टॉर्च उजव्या हातात घेतला, एकदा खालीवर करून वजन बघितलं. मग कोपर कठड्यावर टेकवलं. अंगठा बटणापर्यंत पोहोचायला वेळ लागला. दाबला, पेटला नाही. परत दाबला. पेटला.

"निळं टोक बघ," हे मला म्हणाले, "त्याच्या जरा पुढं नळ धरायचा. टोकात न्हाय, म्होरं. आन् तारेला न्हाय तापवायचं, तांब्याला तापवायचं. तांबं वितळवतंय तारेला."

हात थरथरत होता. पण थरथर एवढीशी होती आणि ज्योत नळाभोवती आपली फिरत राहिली. फ्लक्स बुडबुडला आणि तांब्याचा रंग बदलला. ह्यांनी डाव्या हातातली तार ज्योतीच्या उलट बाजूला फटीला नुसती टेकवली, आणि कथील सळकन आत ओढलं गेलं. चांदीसारखी एक बारीक गोल रेघ उमटली. ह्यांनी टॉर्च बंद केला. मग बोटं सुटली, पण टॉर्च पत्र्यावर अलगद टेकवल्यानंतर सुटली.

मी तिथंच रडले असते, पण हे म्हणाले, "दुसरी बाजू तू कर. माझा हात दमला." "माझ्या जोडाला वलं फडकं गुंडाळून ठेव, न्हाय तर सुटंल," असंही बजावलं. मी केलं. माझा डाख जरा जाडजूड झाला, भजं तळल्यासारखा. ह्यांनी तो निरखून बघितला, पण नख लावून बघायचीही तसदी घेतली नाही. त्यावरून मला काय ते समजलं.

खरी मजा पुढंच झाली. व्हॉल्व्ह उघडला, न्हाणीघरातला नळ सोडला, तर थेंब नाही. भाकरीनं पाणी पिऊन जो फुगवटा धरला तो हलायलाच तयार होईना. वरची टाकी केवढीशी, तिच्या पाण्याला जोर कुठला. सगळ्या नळाचं बूच झालं. हे नुसते माझ्याकडं बघत राहिले. ते मला झोंबलं. शेवटी वरची जोडणी सोडून सायकलचा पंप लावला. मी पंप मारायला वर, हे बघायला खाली. दहा वेळा मारून माझा जीव अर्धा झाला तेव्हा खालून फटकन आवाज आला आणि पाठोपाठ ह्यांचा. मी घाबरून धावत जिना उतरले. हे न्हाणीघरात भिंत धरून उभे होते, चष्म्यावर भाकरीचा लगदा, आणि हसत होते. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत हसत होते. मी पण हसायला लागले, मग आम्ही दोघंही न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून हसलो. जेवणं उशिरा झाली.

ह्या सगळ्या गडबडीत टाकीतलं पाणी संपलं. आमच्याकडं महापालिकेचं पाणी रोज येत नाही, येईल त्या दिवशी दिवाळी. त्यामुळं जोड टिकलाय की नाही, ते पाणी येईपर्यंत कळणार नव्हतं. आणि त्या आधी खंडेनवमी उजाडली.

मी ह्यांना काही विचारलं नाही. पाट मांडला, त्यावर विळी, सुऱ्या आणि कात्री ठेवली, आणि बाकीचा अर्धा पाट मोकळा सोडला. देवाला मनातून म्हटलं, मी माझ्याकडून जागा केली आहे. मग झेंडूच्या माळा ओवत बसले, पण सगळं लक्ष आतल्या खोलीकडं. बऱ्याच वेळानं कॉटखालून पत्र्याची पेटी सरकवल्याचा आवाज आला. हे ती डाव्या हातानं ओढत बाहेर घेऊन आले. पाने, पकडी, नळ्या कापायचं हत्यार, एकेक फडक्यानं पुसून मांडलं. शेवटी माझा टॉर्च आणला. गॅसचा डबा काढून लांब गॅलरीत ठेवून आले, "निरांजनापाशी गॅस नको," म्हणाले, आणि नुसता टॉर्च पाटावर अगदी मधोमध ठेवला. मी हळदकुंकू लावलं.

नैवेद्य झाला आणि नळाला पाणी आलं. टाक्या भरल्या. हे माझ्या आधी जिना चढून गच्चीवर. मी पोहोचले तर हे एल्बोला डोळे लावून वाकलेले. ह्यांच्या जोडावर ठिपकासुद्धा नव्हता. माझ्या भज्यातून मात्र थेंब धरत होता, मोठा होत होता आणि पडत होता.

"कुणाचा गळतोय?" दिसत असूनही ह्यांनी विचारलं.

"माझा."

"बघ बरं नीट."

"माझाच हो, माझा!"

मी एवढी खूश होते की मला माझीच लाज वाटली. म्हटलं, मग आत्ता करून टाका की नीट. तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आज खंडेनवमी. हत्याराला हात लावायचा न्हाय. उद्या बघू." मग जोडाखाली बादली लावली आणि दिवसभर तीनदा चौदा पायऱ्या चढून ती भरली का बघून आले. तेवढा जिना ह्यांनी अख्ख्या वर्षात चढला नव्हता.

दसऱ्याला सकाळी भाचा आला. पन्नाशीचा, गोरापान, बोलायला मऊ माणूस. खिशात आपट्याची पानं, काखेत दोन रिकामी पोती.

"मामी, पेटी कुटं हाय? मामांनी ने म्हणलंय."

मी तोंड उघडायच्या आत गच्चीवरून हाक आली. "कोण आलंय? भाचा का? त्याला म्हणावं, बस, च्या घे. पेटी वर हाय, कामात हाय. आन् तू वर ये अगोदर. तुझा जोड तोडून ठेवलाय मी. तुझा तूच कर, मी हात लावणार न्हाय!"

भाचा पोत्यांकडं बघायला लागला, मग माझ्याकडं. "जेवूनच जा," एवढंच म्हटलं आणि पदर खोचून जिना चढायला लागले. मधल्या वळणावर थांबले, कारण डोळे भरून आले होते आणि तसल्या तोंडानं वर जायचं नव्हतं. पदरानं पुसत उभी होते, तेवढ्यात वरून टॉर्च पेटल्याचा फुर्रकन आवाज आला.

"आलीस का? गॅस जळायलाय हितं फुकट!"